नागपूर जिल्हा: आपत्तीचा धोका गटनिहाय तपासा

हवामानाचा इशारा अख्ख्या जिल्ह्याला एकच येतो. पण नरखेड-काटोलच्या संत्र्याला गारपिटीची धास्ती, मौदा-कुहीच्या धानाला पुराची, तर भारी जमिनीतल्या सोयाबीनला साचलेल्या पाण्याची. म्हणून धोका जिल्ह्याचा नव्हे, आपल्या गटाचा मोजावा लागतो.

पाणी येते कुठून?

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त झाले; २०० हून अधिक जीव गेले. ऑगस्ट २०२० अखेरीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात मुसळधार पाऊस झाला. चौराई धरणातून विसर्ग वाढला, तोतलाडोहचे दरवाजे उघडावे लागले आणि पेंच-कन्हान काठची शेते बुडाली. या काठावर आपल्या शिवारातला पाऊस पाहून भागत नाही. वरच्या धरणांचा साठा आणि विसर्गही रोज पाहावा लागतो.

आता हिशेब का बदलला?

खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा मिळत होता. खरीप २०२५ पासून ती सवलत बंद झाली. शेतकरी हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला. त्याहून मोठा बदल म्हणजे त्या हंगामापासून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरू लागली. मंडळाची सरासरी चांगली आली, तर नाल्याकाठच्या तुमच्या दोन एकरांचे नुकसान त्यात झाकून जाते. शासकीय मदतीसाठी मात्र पंचनामा लागतो आणि नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. एकट्या शेताचा धोका आता बराचसा तुमच्याच अंगावर आहे.

आपल्या गटाचा धोका असा तपासा

१. गेल्या १५-२० वर्षांत पाणी किती वेळा आणि कुठवर चढले, हे जुन्या जाणत्यांना विचारा. बांधावर पूररेषेची खूण करा.

२. मोठ्या पावसानंतर पाणी किती तास साचते ते लिहून ठेवा. सोयाबीन, तूर भारी जमिनीत असेल, तर रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरा. संत्रा बागेत ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर काढा. मुळाशी पाणी थांबले की डिंक्या बळावतो.

३. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचा इशारा आला, तर कापलेला गहू-हरभरा उघड्यावर ठेवू नका. गारांनी फांद्या सोलल्या गेल्यास जखमांना बोर्डो पेस्ट लावा.

४. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा. गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नका. मजुरांनाही पक्क्या घरात न्या.

सहायक कृषी अधिकाऱ्यांनी ही माहिती गटनिहाय गोळा करून गाव नकाशावर मांडावी आणि ग्रामसभेपुढे ठेवावी. नाला खोलीकरण आधी कुठे करायचे, मोटारी कुठून हलवायच्या, जनावरे कुठे न्यायची, हे त्या नकाशावरून ठरवता येते. पूर आल्यावर ठरवायला वेळ मिळत नाही. ऑगस्ट २०२० चे पाणी तर वरच्या धरणांतून आले होते.

मे महिन्यात मशागत सुरू असतानाच हे काम उरका. पेरणीनंतर चर काढायला शेत मोकळे मिळत नाही.