आढावा मागण्याआधी तो शिकवा

प्रति,
मा. कुलगुरू व मा. अध्यक्ष, सर्व अभ्यासमंडळे

विषय : पदव्युत्तर संशोधन प्रकल्पातील पूर्वाभ्यासाच्या आढाव्याबाबत मागण्या

महोदय / महोदया,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन प्रकल्प आला. दुसऱ्या वर्षाच्या दोन सत्रांत मिळून त्याला 10 श्रेयांक आहेत. या प्रकल्पातले बहुधा दुसरे प्रकरण म्हणजे पूर्वाभ्यासाचा आढावा. ते कसे लिहिले जाते, हे आपण सर्व जाणता. अमुक लेखकाने अमुक साली अमुक अभ्यास केला, निष्कर्ष असे. मग पुढचा परिच्छेद, पुढचा लेखक. कोणाचे कोणाशी पटत नाही आणि का पटत नाही, याचा त्यात पत्ताच नसतो. विद्यार्थी आळशी आहेत म्हणून हे घडते, असे आमच्या संघटनेला वाटत नाही. आढाव्याला गुण आहेत, पण तो शिकवायला तासिका नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात त्याची व्याख्या आणि महत्त्व येते, आणि तिथेच विषय संपतो.

आढावा नीट झाला तर काय हाती लागते, ते बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या उदाहरणावरून पाहावे. तोडणीची मजुरी आणि उचल सहसा नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे कोयत्यावर ठरते. ज्या पाहणीत कोयते मोजले, तिच्यात बाईची वेगळी कमाई दिसणारच नाही. बायकांशी स्वतंत्रपणे बोलून केलेल्या अभ्यासात ती दिसू शकते. 2019 मध्ये याच ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा प्रश्न आरोग्याचा होता. माणसे तीच, पण विचारणे आणि मोजणे वेगळे, म्हणून उत्तरेही वेगळी. हे ज्या विद्यार्थिनीच्या ध्यानात येईल, ती आपली प्रश्नावली कुटुंबप्रमुखाच्या हाती देऊन परत येणार नाही. आढावा करायचा तो यासाठी.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी, की पहिल्या सत्रातच आढाव्याच्या स्वतंत्र तासिका वेळापत्रकात असाव्यात. एकाच विषयावरचे, परस्परांशी न पटणारे दोन लेख शिक्षकांनी वर्गासोबत ओळीने वाचावेत. प्रत्येक लेखाचा प्रश्न, क्षेत्र, नमुना, पद्धत, निष्कर्ष आणि मर्यादा यांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा आणि मग लेखकवार न लिहिता मुद्देवार लिहायला लावावे. चांगला आढावा कसा दिसतो हे आमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलेच नाही. विभागातल्या जुन्या प्रकल्पांतले निवडक नमुने ग्रंथालयात वाचायला ठेवावेत.

दुसरी मागणी क्रमाची आहे. आज अनेकदा प्रश्नावली आधी भरून घेतली जाते आणि आढावा बांधणीच्या आठवड्यात घाईने जोडला जातो. आढाव्याचा मसुदा मार्गदर्शकांनी वाचून, त्यावर लेखी अभिप्राय दिल्याशिवाय क्षेत्रकार्याला परवानगी देऊ नये.

मराठीतून काम करणाऱ्यांची अडचण आणखी मोठी आहे. जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी संस्थांना हजारो आंतरराष्ट्रीय नियतकालिके मिळू लागली, याचे आम्ही स्वागत करतो. पण ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘नवभारत’ किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक यांच्या जुन्या अंकांत कोणत्या विषयावर काय आले, हे एका ठिकाणी शोधता येत नाही. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1950 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची करून ठेवली. त्या तोडीचे काम पुढच्या काळासाठी, संगणकावर शोधता येईल असे, विद्यापीठांनी मिळून हाती घ्यावे. ‘शोधगंगा’वरील अनेक मराठी प्रबंध स्कॅन केलेले किंवा जुन्या फाँटमधले आहेत, त्यांत शब्द टाकून शोधले तर काहीच सापडत नाही. यापुढे प्रत्येक मराठी प्रबंध आणि प्रकल्प युनिकोडमध्येच स्वीकारावा. हा नियम करायला खर्चही येत नाही.

मूल्यमापनाबद्दल थोडेच सांगायचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. मात्र हा आकडा गाठण्यासाठी शब्द फिरवले जातात, आणि वाचन झाले की नाही हे त्यावरून समजत नाही. चॅटजीपीटीसारखी साधने तर कधी कधी अस्तित्वातच नसलेले लेख संदर्भ म्हणून देतात. तेव्हा तोंडी परीक्षेत यादीतल्या कोणत्याही दोन संदर्भांवर प्रश्न विचारावेत आणि त्यांना गुण ठेवावेत. ही तपासणी आम्हाला जड जाईल हे माहीत असूनही आम्ही ती मागत आहोत.

पुढील शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी या मागण्या अभ्यासमंडळांच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्याव्यात, चर्चेला विद्यार्थी प्रतिनिधींना बोलवावे आणि झालेला निर्णय आम्हाला लेखी कळवावा, ही आग्रहाची विनंती.

आपले,
पदव्युत्तर संशोधन प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेचे सर्व सभासद