हिरवळ कुणाची आणि अतिक्रमण कुणाचे?

नासाच्या उपग्रहांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. २००० ते २०१७ या काळात जगात जी हिरवळ वाढली, तिच्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा भारत आणि चीनचा होता. पेपरांनी कौतुकाने छापले. पण भारतातली ८२ टक्के वाढ शेतीतली होती, जंगलातली जेमतेम ४.४ टक्के, हे किती जणांनी वाचले?

उपग्रह पानांचे क्षेत्र मोजतो. सातबारा कुणाच्या नावे आहे, हे त्याला दिसत नाही. बारमाही पाणी पिणारा ऊस त्याला हिरवागार दिसतो. पावसाळ्यानंतर वाळणारे गायरान त्याला भकास दिसते, आणि सरकारी कागदावर ते 'पडीक' ठरते. खरे तर त्या गवताची मुळे माती धरून ठेवतात, पाणी मुरवतात आणि भूमिहीनाच्या शेळ्या जगवतात. हे उत्पादन कुणी मोजत नाही, कारण ते बाजार समितीत येत नाही.

मराठवाड्यात आमच्या माणसांनी हीच गायराने कसली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारोंनी तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. तरीही असंख्य कुटुंबे आज सातबाऱ्याविना आहेत.

आता आम्हाला पर्यावरण शिकवले जाते. गायरान नांगरल्याने जमीन खराब होते, असे सांगतात. मुरमाड उताराची जमीन नांगरली की माती वाहून जाते आणि पीक घटते, हे आम्ही नाकारत नाही. पण बांधबंदिस्ती कोण करील? उद्या हुसकावले जाण्याची भीती असलेला माणूस दहा वर्षांनी फळणाऱ्या मातीत घाम का गाळील? सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, विहिरीची योजना नाही. जमिनीचा कस हा हक्काचाही प्रश्न आहे.

आणि नियम सर्वांना सारखा आहे का? त्याच गायरानावर सौर प्रकल्पाचे पत्रे उभे राहिले की तो विकास, आमची ज्वारी उगवली की ते अतिक्रमण! सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगितली. पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही त्याच निकालात आहे. नोटिशीत पहिला भाग येतो, दुसरा गाळला जातो.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिताना दाखवले होते की, जमिनीचा आकार एवढाच प्रश्न नसतो, तिच्यासाठी भांडवल आणि साधने किती आहेत यावर शेती ठरते. साधने नाकारायची आणि उत्पादन घटल्याचा ठपका कसणाऱ्यावर ठेवायचा, ही जुनीच चलाखी आहे.

म्हणून तरुणांनो, दोन कामे हाती घ्या. गावच्या गायरानाचा सातबारा आणि अतिक्रमणाची नोंदवही माहितीच्या अधिकारात मागा. १९९० पूर्वीच्या कब्जाचे दंडाच्या पावत्यांसह पुरावे गोळा करा. आणि मागणी पुरी करा: जमीन नावावर, बांधबंदिस्ती सरकारी खर्चाने, उतारावर गवत राखून सपाटीवर ज्वारी-तूर. माती वाचवायची असेल तर आधी ती कसणाऱ्याच्या नावे करा.

जय भीम!