जुन्या गाडीचे रविवार

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. वय अडतीस, घरात बायको आणि सहा वर्षांची मुलगी, दाराशी सगळ्यांना पुरणारी मोठी गाडी. एवढे असताना त्याला दोघेच बसतील अशी, उघड्या टपाची माझदा मियाटा हवी आहे. समोर दोन गाड्या आहेत. एक १९९० सालची, दुसरी २०१९ ची. पहिलीची किंमत दुसरीच्या निम्म्याहून कमी. "मामा, तुम्ही जन्मभर कर्जाचे अर्ज तपासलेत. कुठली घेऊ सांगा."

आपल्याकडे माझदा हे नाव ऐकले की माझ्या वयाच्या माणसाला स्वराज माझदाची शाळेची मिनीबसच आठवणार. ही मियाटा त्याच घराण्यातली असेल यावर माझा आधी विश्वास बसेना. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. इंग्रजांच्या जुन्या एमजी, ट्रायम्फ, लोटस या छोट्या उघड्या गाड्या दिसायला देखण्या, पण ज्या जागी उभ्या करा तिथे तेलाचा डाग ठेवणाऱ्या. जपान्यांनी तोच थाट घेतला आणि सकाळी किल्ली फिरवताच सुरू होईल अशी गाडी बनवली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही त्यामागची कल्पना. त्याला ते 'जिंबा इत्ताई' म्हणतात. १६०० सीसीचे इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन जेमतेम टनभर आणि बटण दाबले की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे दिवे. २०१६ साली या गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली.

२०१९ ची गाडी तिचीच नात. दोन लिटरचे इंजिन, १८१ अश्वशक्ती. वजन मात्र शंभर किलोनेसुद्धा वाढलेले नाही. दिवे तेवढे आता उघडझाप करत नाहीत.

बँकेतली सवय जात नाही. मी कागद घेऊन घसारा मांडायला बसलो. आपल्याकडच्या विम्याच्या कोष्टकाप्रमाणे गाडी सहा महिन्यांच्या आत असली तरी पाच टक्के गेले. पाचव्या वर्षी पन्नास टक्के गेले. त्यापुढे कोष्टक हात टेकते आणि 'आपसांत ठरवा' म्हणते. अमेरिकेचे आकडे वेगळे असतील, पण उतरण तीच. या हिशेबाने १९९० च्या गाडीचा घसारा आधीच्या मालकांनी कधीच भरून टाकला आहे. ती आणखी किती उतरणार? (आणि किंमत उतरलीच पाहिजे, असेही काही नाही. बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, त्या काळात वापरलेली चेतक नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा जास्तीला जात असे, आणि आम्ही बँकवाले डोके धरून बसत असू.)

पण घसारा संपला म्हणजे खर्च संपला असे नाही. या जुन्या गाडीचे दुखणे कुठे असते ते मी वाचून काढले. कापडी टपावर पडलेले पाणी सीटांच्या मागच्या दोन बारीक नळ्यांतून खाली जाते. त्या पानांनी, धुळीने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचते आणि पत्रा आतून गंजत जातो. वरून रंग चकचकीत! त्यात न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. शिवाय साठ हजार मैलांवर बदलायचा टायमिंग बेल्ट, टपाची तडकणारी प्लास्टिकची मागची खिडकी, वाळलेले रबरी पाइप. दुरुस्तीचे बिल गाडीच्या आजच्या किमतीकडे पाहून येत नाही. तिथे मेकॅनिकची मजुरी तासावर, आणि ती ऐकून मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सुरक्षिततेचे तर बोलायलाच नको. १९९० च्या मॉडेलमध्ये एअरबॅग फक्त चालवणाऱ्यापुढे. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली तर तिला आपोआप सावरणारी यंत्रणा अमेरिकेत सक्तीची झाली ती २०१२ च्या मॉडेलपासून. माझा बँकेचा अहवाल दोन ओळींत तयार झाला : २०१९ ची घ्यावी. जुनीची शिफारस करता येत नाही.

तो अहवाल मी भाच्याला कळवला नाही.

अडचण अशी, की बँकेत जुन्या वाहनाच्या कर्जाचा अर्ज आला की कागदांआधी मी अर्जदाराचे हात पाहत असे. नखांत काळे ग्रीस असेल त्याचे हप्ते बहुधा वेळेवर येत. भाच्याचे हात कीबोर्डवरचे. पण त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, दर रविवारी सकाळी चेतक अंगणात घेऊन बसत. प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, कार्ब्युरेटर उघडून पेट्रोलने धूत. हा पाच-सहा वर्षांचा पोर शेजारी उकिडवा. "दहाचा पाना दे" म्हटले की बरोबर दहाचाच देई. मेहुणे फार बोलत नसत. त्या दोघांत जे काही बोलणे झाले, ते बहुतेक पान्यांच्या नंबरांचेच. गेल्या वर्षी ते गेले.

आता नवी गाडी घेतली तर काय होईल? रविवारी सकाळी हा टप उघडून दोन तास भटकून येईल. तेरा वर्षांखालच्या मुलांना मागच्या सीटवर बसवा, असे तिथे सांगतात, आणि या गाडीला मागची सीटच नाही. म्हणजे मुलगी घरी. जुनी घेतली तर गाडी निम्मे रविवार गॅरेजमधून हलायचीच नाही. तिथे मात्र सहा वर्षांच्या मुलीला भरपूर काम आहे.

म्हणून माझे मत मी अहवालाविरुद्ध दिले : जुनी घे. अटी घातल्या. गंज नसलेलीच घ्यायची, एका वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला काढायचे, पावसात-बर्फात आणि हायवेवर न्यायची नाही, मुलीला तिच्यातून फिरवायचे नाही. बहिणीला हे मुळीच पटलेले नाही. "पान्यांसाठी गाडी कशाला? सायकल उघड म्हणावं पोरीसमोर," असे ती म्हणते. याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

गाडी बघायला जाताना लोहचुंबक ने, असे मी त्याला सांगितले होते. पत्रा शाबूत असेल तर चिकटतो. गंजाचे भोक बुजवून वर रंग मारला असेल तर पेंटर ज्याला लांबी म्हणतात त्या लगद्यावरून घसरतो. शनिवारी त्याने तिथूनच व्हिडिओ कॉल केला. फ्रिजवरचे, इंग्रजी अक्षराचे चुंबक मुलीच्या हातात. तिने ते दारावर लावले, चिकटले. मग खाली वाकून मागच्या चाकाजवळ, दाराखालच्या पट्टीवर लावले. ते खाली पडले. तिने पुन्हा लावले, पुन्हा पडले.

"बाबा, इथे नाही चिकटत."

ती गाडी त्याने घेतली नाही. पुढच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियात दुसरी बघायला जाणार आहेत. १९९२ ची आहे. चुंबक आपल्याच खिशात राहील असे मुलीने आधीच बजावून ठेवले आहे.