जुनी लेन्स, वहिनी आणि बेचाळीस हजार



परवा दांडिया बाजारात एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "काका, विश्वामित्रीतल्या मगरीचा तो फोटो तुम्ही काढलात म्हणे. लेन्स केवढ्याची?" मी म्हटलं, जुनी आहे, सेकंडहँड. त्यांचा चेहरा जरा पडला. "या वयात जुनी कशाला? मुलगा कॅनडात आहे ना?"

मुलगा आहे, आणि तो नवीन पाठवायलाही तयार होता. तरी माझं मत असं की आपल्यासारख्या हौशी माणसानं जुनी टेलिफोटो झूम जरूर घ्यावी. फक्त ती "स्वस्तात मारली" म्हणून घेऊ नये. हे दुसरं वाक्य पंगतीत जिलबीच्या गडबडीत राहून गेलं, म्हणून इथे लिहितोय.

बडोद्याच्या मराठी घरांना कॅमेरा नवा नाही. आग्फा क्लिक थ्री तर आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचा. आमच्या वडिलांनी एक घेतला होता. १२० च्या रोलवर बारा फोटो यायचे, बारा म्हणजे बाराच. आजी पदर सावरून तयार होईपर्यंत वडील बटणावरचं बोट काढून घ्यायचे. पुढे मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि पस्तीस-छत्तीस वर्षं मला दुसऱ्यांच्या पासबुकावरचे फोटो सोडून कुठलेच फोटो नीट बघायला मिळाले नाहीत.

मुलानं कॅननचा आर-टेन हा मिररलेस कॅमेरा दिला, त्याबरोबर छोटी लेन्स आली. घरातल्या सत्यनारायणाला ती उत्तम. पण हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गेलो, तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस त्या लेन्समधून ताटात सांडलेल्या काळ्या तिळांसारखे दिसले. पक्ष्यांच्या जवळ जाता येत नाही आणि मगरीच्या जवळ जाऊ नये, त्यामुळे टेलिफोटोला पर्याय नव्हता.

पहिली लेन्स मी फोटो बघून, एका दुकानातून मागवली. साडेसात हजारांची. बाहेरून चकाचक. टॉर्च लावून आत बघितलं तर कोळ्याचं जाळं पसरावं तशी बुरशी! दुकानदार म्हणाला, "अंकल, फोटोत दिसत नाही." कर्जदार अडचणीत आला की नेमका याच सुरात बोलतो. पैसे परत मिळाले नाहीत. ज्यानं आयुष्यभर तारण तपासलं, त्यानंच न तपासता पैसे मोजले, याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं.

आता खरी गोष्ट. समाकडे राहणारा माझा एक जुना मित्र, बँकेतलाच. त्याला फोटोचं भयंकर वेड. तो २०२३ साली गेला. पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा त्यांच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी. कपाटाच्या खालच्या कप्प्यातले दोन कॅमेरे आणि लेन्सेस चिखलात गेल्या. एक मोठी लेन्स तेवढी माळ्यावर, सुटकेसमध्ये, म्हणून वाचली. दिवाळीनंतर वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ती मोठी दुर्बिणीसारखी वस्तू आहे, बघून जा. कोणाला हवी असेल तर देऊन टाकू."

ती होती कॅननची १००-४००, एल मालिकेतली, १९९८ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीतली. झूम करताना नळी हातानं पुढे-मागे सरकवायची, हार्मोनियमच्या भात्यासारखी. वजन जवळपास एक किलो चारशे ग्रॅम. लेन्सच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात कोड होता: आधी यू, मग टी, मग आकडे. यू म्हणजे जपानमधला उत्सुनोमियाचा कारखाना, टी म्हणजे २००५. दस्तऐवजाची तारीख वाचल्याचं समाधान मिळालं.

या वेळी मात्र मी सगळं तपासलं. आधी पुढून-मागून टॉर्च. दोन-चार धुळीचे कण होते, त्यांची काळजी नाही, फोटोत ते उतरत नाहीत. बुरशीची जाळी नव्हती. मग अॅडाप्टर लावून माझ्या कॅमेऱ्यावर चढवली. या अॅडाप्टरमध्ये काच नसते, नुसती पोकळ कडी आणि विजेचे संपर्क, त्यामुळे चित्र बिघडत नाही आणि कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्सेस नव्या आर कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससकट चालतात. (हे सगळीकडे खरं नाही. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सेसमध्ये मोटर नसते आणि कंपनीच्या एफटीझेड अॅडाप्टरमध्येही नसते. तिथे फोकस हातानंच करावा लागतो. घेण्याआधी विचारा.)

बटण अर्धं दाबलं, आतून मंद गुणगुण आली आणि थरथरणारं दृश्य एकदम शांत झालं. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी ती सोय, आयएस म्हणतात तिला. माझ्या कॅमेऱ्यात ती नाही, म्हणून लेन्समध्ये चालू असणं महत्त्वाचं. आमच्या वयाला तर फारच. मग ४०० वर ठेवून समोरच्या भिंतीच्या विटांचे फोटो काढले, एक पूर्ण उघड्या छिद्रानं, म्हणजे एफ/५.६ वर, आणि एक एफ/११ वर. आतली पट्टी तुटलेली असेल तर छिद्र लहान करताना कॅमेरा एरर देतो, आणि मग दुरुस्ती आली. एवढ्या जुन्या लेन्सचे भाग मिळण्याचा भरवसा धरू नये. चारही कोपऱ्यांत विटांच्या फटी स्वच्छ दिसल्या.

तपासणी झाली. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "किंमत तुम्हीच सांगा. तुम्ही बँकेतले."

इथे मी कबूल करतो. माझ्या मनात वीस हजार आले होते. येताना एका स्नेह्यानं सांगितलंच होतं, वहिनींना काय कळतंय, पंधरा-वीसला देतील, पुरानंतर पैशाची गरजही असेल. बँकेत आम्ही याला डिस्ट्रेस व्हॅल्यू म्हणायचो, अडलेल्या माणसाच्या मालाची किंमत. तारण धरताना ती काढावीच लागते. पण मित्राच्या घरी, त्याच्याच खुर्चीत बसून ती काढायची?

मी म्हटलं, "चांगल्या स्थितीतली ही लेन्स आज बाजारात चाळीस-पंचेचाळीसला जाते. मी बेचाळीस देतो."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "बेचाळीस हजार? भाऊजी, त्यांनी मला आठ हजाराला घेतली असं सांगितलं होतं. तेव्हा, नवीन."

आता काय बोलणार? नवीन घेताना त्यानं लाखाच्या आसपास मोजले असणार, हे मला ठाऊक होतं. वीस म्हटलं असतं तर वहिनी खूश झाल्या असत्या, आठाचे वीस झाले म्हणून, आणि मित्राचं गुपितही राहिलं असतं. तुमच्यातल्या बऱ्याच नवऱ्यांना हे लगेच समजेल. मी एवढंच म्हणालो की त्यानं बहुतेक हप्त्याचा आकडा सांगितला असेल. वहिनी हसल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या वर्षी मी हॉलचे पडदे बदलायचे म्हणत होते. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू."

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, तुम्ही बरोबर केलंत, आणि आता तुमच्या कपाटातल्या वस्तूंच्या खऱ्या किमती एका वहीत लिहून ठेवा. लिहिल्या. तीन ठिकाणी खाडाखोड झाली, तो विषय वेगळा.

मुलाचं म्हणणं अजूनही असं की नवीन १००-४०० घ्यायला हवी होती. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ती जेमतेम साडेसहाशे ग्रॅमची, म्हणजे माझीच्या निम्म्याहूनही हलकी, आणि तिची आयएस माझ्या लेन्सपेक्षा खूपच पुढची आहे. ज्यांचा खांदा दुखतो त्यांनी सरळ तीच घ्यावी. पण ४०० वर ती एफ/८ होते, माझी एफ/५.६ राहते, म्हणजे दुप्पट प्रकाश. वढवाण्याला उजाडताना क्रौंच उठतात तेव्हा हा दुप्पट प्रकाश लागतो. शिवाय मिररलेसवर जुन्या लेन्सचा एक जुना रोग जातो. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस किंचित पुढे किंवा मागे पडायचा, लेन्स आणि कॅमेरा एकमेकांशी जुळवून घ्यावे लागायचे. इथे कॅमेरा थेट सेन्सरवरच फोकस बघतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला तर दृश्य दहापट मोठं करून बघता येतं, याचंच केवढं सुख! तिपाईवर मात्र या लेन्सची आयएस आठवणीनं बंद करतो, नाहीतर ती स्थिर चित्रालाच हलवत बसते.

एक विनंती आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत कोणाच्या तरी मागे राहिलेल्या लेन्सेस चामडी केसमध्ये, कपाटाच्या तळाशी पडून असतील. चामडं ओल धरतं. आज केस बाजूला टाका, लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि वरच्या कप्प्यात ठेवा. विकायची असेल तर आधी दोन ठिकाणी भाव विचारा. आणि विकत घेणारे ओळखीचे असाल तर खरा भाव तुम्हीच सांगा, समोरच्यानं विचारायची वाट बघू नका.

वहिनींच्या हॉलला आता निळे पडदे आहेत. मी पुढच्या रविवारी वढवाण्याला निघतोय. गाडीत एक जागा रिकामी आहे, पण उजाडायच्या आत पोचायचं तर पहाटे पाचला काळ्या घोड्यापाशी यावं लागेल. डबा बायको देणार आहे.