वाशीमला येऊ का, असं विचारणारं जोडपं

काल रात्री साडेदहाला फोनवर एक लांबलचक मेसेज आला. आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या पोराचा. अकरा वर्षांपूर्वी शिकायला म्हणून युरोपात गेला, तिथंच राहिला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. तो लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, ती मातीकाम करते. वाडगे, कप, फुलदाण्या. आता दोघांना इकडं यायचंय. पुणे नाही, मुंबई नाही, थेट वाशीम. आईबाबा थकलेत, जुनं घर आहे, मागं मोठं अंगण आहे. शेवटी एकच प्रश्न : "काका, आमच्यासारख्यांना तिथं काम मिळेल का? खरं सांगा."

त्या "खरं सांगा"नं माझी झोप उडवली.

सकाळी चहाच्या टपरीवर नाव न घेता विषय काढला. पहिली प्रतिक्रिया ठरलेलीच : "काहून येऊन राह्यले बा ते? तिकडं काही लफडं तं नाही झालं?" दुसरा म्हणाला, "येऊ द्या ना भाऊ, आपण सत्कार ठेवू." तिसऱ्याचं फ्लेक्स-प्रिंटिंगचं दुकान आहे. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "सर, डिझाईनचे पैसे देते का कोणी इथं? मी तं छपाईचेच मागतो, डिझाईन फुकट."

मंडळी, या तीन वाक्यांवरच ही पोस्ट आहे.

आधी "काहून येऊन राह्यले" हे घेऊ. ज्यांनी लहानपणी रेडिओ ऐकलाय त्यांच्या कानात आकाशवाणीची पहाटेची धून अजून असेल. तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. ती धून ज्याच्या नावानं सांगितली जाते, तो वॉल्टर कॉफमन आजच्या चेक देशातल्या कार्ल्सबादचा. ज्यू होता, हिटलरचं सावट वाढत होतं, म्हणून १९३४ मध्ये मुंबईत आला. थोडेच दिवस राहायचं असं ठरवून आला आणि बारा वर्षं राहिला. त्याची बायको गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची सख्खी भाची. आल्याबरोबर त्याला आपलं संगीत कळेना, पण तो शिकत गेला. मुंबईत त्यानं चेंबर म्युझिक सोसायटी काढली, सिनेमांना संगीत दिलं. आणि महत्त्वाचं म्हणजे १९३७ पासून त्याला रेडिओवर पाश्चात्त्य संगीत विभागाची नोकरी होती. पगारी नोकरी. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तसंच दुसरं जोडपं लँगहॅमर यांचं. वॉल्टर चित्रकार, ऑस्ट्रियाचा. बायको केथे ज्यू. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि हे दोघं मुंबईला आले. टाइम्स ऑफ इंडियानं वॉल्टरला आर्ट डायरेक्टर केलं. नेपियन सी रोडवरचं त्यांचं घर रविवारी नव्या चित्रकारांना उघडं असायचं. रझा, आरा, हुसेन तिथं जायचे. रझा आपल्या नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकून मुंबईला गेलेले. आरा घरगडी म्हणून राबलेले. हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. या पोरांना परदेशातल्या चित्रांची पुस्तकं बघायला मिळाली, रंगांवर बोलायला माणूस मिळाला. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्यामागं या घराचाही हात होता. म्हणजे बाहेरून आलेल्या एका जोडप्याची रविवारची चहाची किटली आपल्या चित्रकलेला केवढी कामी आली बघा.

आता कोणी म्हणेल, ती मुंबई होती, हे वाशीम आहे. बरोबर. पण थांबा जरा. आपल्या गावाची एक गोष्ट आपल्यालाच ठाऊक नाही.

दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखर नावाचा कवी होऊन गेला. त्याच्या 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथात एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला थांबवायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागं मागं देशोदेशी फिरते. पूर्वेकडं जातात, पांचालात जातात, अवंतीत, दक्षिणेत. प्रत्येक ठिकाणी वेगळा वेश, वेगळा नाच, वेगळी भाषाशैली. आणि शेवटी दोघांचं लग्न कुठं लागतं? विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम! काव्य आणि साहित्यविद्या हे जोडपं जग हिंडून आपल्या गावात येऊन लग्न करतं, असं लिहून ठेवलंय हजार-अकराशे वर्षांपूर्वी. राजशेखर स्वतःही घराण्यानं महाराष्ट्राकडचा, पण पोटापाण्याला कनौजच्या दरबारी गेलेला. त्याची बायको अवंतिसुंदरी विदुषी होती, तिची मतं त्यानं ग्रंथात तिच्या नावासह दिली आहेत. (आजच्या किती नवऱ्यांना हे जमेल, तुम्हीच सांगा.)

त्यानं लग्नासाठी वत्सगुल्म का निवडलं असावं? कारण त्याच्याही आधी पाचशे वर्षं हे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं. या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिणारा. याच घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं खोदवून घेतलं, तसा लेख तिथं आहे. म्हणजे अजिंठ्याच्या चित्रकारांना काम मिळालं ते वाशीमच्या दरबारातून. शाल-श्रीफळ देऊन लेणी खोदली जात नाहीत. वर्षानुवर्षं कोणीतरी रोजच्या दाणापाण्याची सोय केली असणार.

म्हणून माझं सरळ मत असं आहे : माणूस का येतोय हे विचारू नका. आलेल्याला काम देणारं कोण आहे, हे विचारा. कॉफमनला रेडिओ होता, लँगहॅमरला वर्तमानपत्र होतं, अजिंठ्याला वराहदेव होता. आपल्या या पोराला वाशीममध्ये कोण आहे?

इथं सत्कारवाल्या मित्राकडं येतो. सत्कार आपण करूच. फ्लेक्सही लावू. त्यावर दोघांचे फोटो लहान आणि आपले मोठे असतील. पण पुढच्या महिन्यात त्याच माणसाला आपण सांगू, "आपल्या मंडळाची स्मरणिका आहे, एवढं मुखपृष्ठ करून द्या ना, तुमचंच नाव होईल." हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी स्वतः तीन आठवडे बसून शंभर पानांची स्मरणिका लिहून, तपासून दिली. छापणाऱ्याचं बिल निघालं, मंडपवाल्याचं निघालं, जेवणावळीचं निघालं. मला आभाराचं पत्र मिळालं, त्यातही नाव चुकलेलं. मी मास्तरकीच्या पगारावर जगणारा, म्हणून हसण्यावारी नेलं. ज्याचं पोटच त्यावर आहे त्यानं काय करायचं?

आपल्याकडं दुकानांच्या पाट्या हातानं रंगवणारे पेंटर होते. एकेकाची अक्षरं अशी की लांबून ओळखू यायची. फ्लेक्स आला आणि दोन-चार वर्षांत ती माणसं कुठं गेली, कोणी चौकशीही केली नाही. एक जण आता सिक्युरिटीत आहे. ते इथलेच होते, इथंच जन्मलेले, त्यांना कुठला व्हिसाही लागत नव्हता. त्यांना आपण टिकवू शकलो नाही, मग सातासमुद्रापारून येणाऱ्यांना कोणत्या तोंडानं "या" म्हणायचं?

व्हिसावरून आठवलं. कागदपत्रांचं मी त्याला सविस्तर लिहिलं, कारण यात लोक फसतात. पर्यटक व्हिसावर येऊन इथं काम करता येत नाही. नोकरीचा व्हिसा हवा तर बहुतेक कामांना वर्षाला १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे, अपवाद थोडे. वाशीममध्ये कोणत्या चित्रकाराला एवढा पगार आहे? म्हणजे दोघंही परदेशी असलेलं जोडपं आपल्या जिल्ह्यात कलेच्या कामावर कायदेशीर राहणं जवळपास अशक्यच. या पोराचं बरं आहे. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, पण मूळ भारतीय असल्यानं ओसीआय कार्ड आहे. लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली असतील तर बायकोलाही ते मिळू शकतं. त्यावर नोकरी-धंदा करता येतो. मात्र शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली चालते. आणि पत्रकारितेचं काम करायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. म्हणून आधी कार्ड, मग तिकीट.

मग काम कुठलं? मी त्याला खोटी आशा दाखवली नाही. लिहिलं की, तुझी तिकडच्या प्रकाशकांची कामं सोडू नकोस. चित्रं इंटरनेटवरून जातात, बिल तिकडून येतं, खर्च इकडं होतो. निदान दोन वर्षं तुमचा दोघांचा गाडा त्यावर चालू दे. बायकोला सांग, आपली काळी माती भांड्यांना जशीच्या तशी चालत नाही, वाळली की तडे जातात. कुंभारांकडं जा, ते कुठली माती कशात मिसळतात ते विचार, आणि विचारायला जाशील तेव्हा त्यांच्या वेळेचे पैसे दे. भट्टी विजेवर चालवायची तर आधी लाईनचं बघ. उन्हाळ्यात येऊ नका, पावसाळा लागला की या, म्हणजे गावावर प्रेम बसेल.

आणखी एक लिहिलं, ते इथंही लिहितो. पोहरादेवीच्या भागात तांड्यांवर बंजारा बायकांचं भरतकाम आहे. आरसे, कवड्या, रंगीत टाके. पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, आपण सगळ्यांनी फोटो टाकले. पण काचेच्या पेटीत ठेवलेला टाका आणि आज हातानं घातलेला टाका यात फरक आहे. बाहेरून आलेल्या कलाकाराला हे काम बघून भुरळ पडते, हे मी समजू शकतो. त्यानं जरूर त्यांच्यासोबत काम करावं. फक्त तांड्यावरून दोनशेला घेऊन तिकडं दोन हजारांना विकायचं आणि त्याला "सहकार्य" म्हणायचं, असलं असेल तर न आलेलं बरं. त्याला हे कडक वाटलं असेल. वाटू दे.

आता आपली बाजू. वाशीम हा नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा, २०१८ पासून. आकांक्षा कशाची, तर शिक्षण, आरोग्य, शेती. कलेचा रकाना त्यात नाही, असावा असा माझा हट्टही नाही. पण दरवर्षी आपली पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा देतात. का? दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर. या पोरांनी चित्र काढून पोट भरणारा माणूस डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. एखाद्या शाळेनं अशा चित्रकाराला आठवड्यातून दोन तास बोलावलं आणि तासाचे ठरलेले पैसे ठरलेल्या तारखेला दिले, तर पोरांना रंगांसोबत हेही कळेल की याला मोल असतं. समृद्धीवर शेलूबाजारला चढून आपली पोरं मुंबईकडं जातात, जाऊ देत. पण उलट्या दिशेनं एखादी गाडी आली तर ती तिथं उतरायला काहीतरी कारण हवं ना.

सकाळी अकराला त्याला उत्तर पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. अजून उत्तर नाही.

तोवर तुम्हाला विचारतो. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठंही, ज्यांची शाळा, क्लास, प्रकाशन किंवा दुकान आहे आणि ज्यांना वर्षातून एकदा तरी चित्राचं किंवा मातीचं काम पैसे देऊन करून घ्यायचं आहे, त्यांनी खाली लिहा. काम काय, आणि किती देणार, दोन्ही लिहा. "नक्की या, स्वागत आहे" असं लिहू नका, ते मी त्याला कळवणार नाही.