सायलेन्सरमधल्या 'जाळी'ला सोन्याचा भाव का? गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याआधी हे वाचा

२०२१-२२ च्या आसपास महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत एक विचित्र तक्रार वारंवार यायला लागली. गाडी जागेवर आहे. टायर आहेत, बॅटरी आहे, टेपसुद्धा आहे. गेलाय फक्त सायलेन्सर. आणि बहुतेक वेळा गाडी एकच, मारुतीची ईको.

आधी लोकांना वाटलं, भुरटे चोर असतील, भंगारात विकून दारू पीत असतील. पण टोळ्या पकडल्या गेल्या तेव्हा कळलं की चोरांना लोखंडाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती आतली राखाडी रंगाची, मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी जाळी. ती फोडायची, भुकटी करायची आणि विकायची. ईकोच का, तर तिची उंची बरी, खाली सरपटायला जागा मिळते आणि तो भाग हाताला पटकन लागतो. पाना असला की काम काही मिनिटांचं.

त्या भुकटीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे तीन धातू असतात. ऱ्होडियमचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. पण मार्च २०२१ मध्ये त्याचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. तेव्हा सोनं होतं सतराशे डॉलरच्या घरात. म्हणजे सोन्याच्या पंधरापटीहून जास्त. हाच ऱ्होडियम २०१६ मध्ये सातशे डॉलरच्या आतबाहेर मिळत होता. जगातला बहुतांश ऱ्होडियम एकट्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतो, त्यामुळे तिथे काही बिनसलं की भाव उसळतो. नंतर तो खूप खाली आला खरा, पण २०२५ मध्ये प्लॅटिनमने पुन्हा उसळी घेतली.

आता तुम्ही म्हणाल, याचा परभणीशी काय संबंध?

संबंध असा की एमएच २२ ची पाटी लावलेल्या पोलो जीटी, व्हर्टस, आय-२० एन लाइन अशा टर्बो पेट्रोल गाड्या आता परभणी, सेलू, गंगाखेडच्या रस्त्यांवर दिसतात. पोरं रील बघतात. रीलमध्ये कुणीतरी सांगतं, 'भाई, स्टॉक कॅट काढ, हाय-फ्लो टाक, गाडी उडेल.' मग ऑनलाइन शोध सुरू होतो. एकच दिसणारा पार्ट एका ठिकाणी चार-पाच हजारांना, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या दहापट किमतीला. फोटो सारखाच, चकाकी सारखीच. कुठला घ्यायचा?

उत्तर त्या भुकटीतच आहे. म्हणून आधी हे यंत्र काम कसं करतं ते बघू.

पेट्रोल इंजिनातून तीन वाईट गोष्टी बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन म्हणजे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. कन्व्हर्टरच्या डब्यात चिनी मातीसारख्या पदार्थाची किंवा पातळ धातूच्या पत्र्याची जाळी असते. जाळीवर एक खडबडीत लेप असतो आणि त्या लेपात हे महागडे धातू अगदी बारीक कणांच्या रूपात बसवलेले असतात. प्लॅटिनम आणि पॅलेडियम पहिल्या दोन वायूंचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात करतात. ऱ्होडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडचा पुन्हा साधा नायट्रोजन करतो. लेपात सिरियम नावाचा आणखी एक धातू असतो, तो लागेल तसा ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. एका कारच्या कन्व्हर्टरमध्ये हे मौल्यवान धातू सगळे मिळून काही ग्रॅमच असतात. पण डब्याची खरी किंमत तेवढ्यातच आहे, बाकी सगळा पत्रा.

मग हिशेब सोपा आहे. ज्या धातूचा एक ग्रॅम काही हजार रुपयांना मिळतो, त्याचे तीन-चार ग्रॅम टाकून कुणी तुम्हाला चार हजारांत नवा कन्व्हर्टर कसा देईल? देत नाही. जाळी देतो, लेप देतो, धातू मात्र नावापुरता. असा कन्व्हर्टर सुरुवातीला चालतो, पीयूसीही काढून देतो आणि काही महिन्यांत थंड पडतो. मग डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो.

दिवा का लागतो?

बीएस-६ गाडीत कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा सेन्सर इंजिनला हवा-इंधनाचं प्रमाण सांगतो. मागचा सेन्सर कन्व्हर्टरवर पहारा देतो. दोघांचे सिग्नल सारखेच वरखाली व्हायला लागले की गाडीचा संगणक समजतो, मधला डबा काहीच करत नाहीये. स्कॅनर लावला की पी०४२० हा कोड दिसतो. देशभर बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला आणि त्याचा दुसरा टप्पा आला एप्रिल २०२३ मध्ये. त्यानंतरच्या गाड्या तर चालता चालता स्वतःच्या धुरावर लक्ष ठेवतात. या गाड्यांना फसवणं जुन्या गाड्यांइतकं सोपं राहिलेलं नाही.

काही जण फसवतातही. मागच्या सेन्सरखाली एक छोटी नळी बसवतात, म्हणजे त्याला धूर कमी लागतो आणि तो 'सब ठीक है' म्हणतो. कुणी सॉफ्टवेअरमधून कोडच बंद करतं. दिवा विझतो, धूर तसाच राहतो.

आणि इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. दिवा लागला म्हणजे दर वेळी कन्व्हर्टरच खराब असतो असं नाही. एखादा प्लग नीट पेटत नसेल, कॉइल कमजोर असेल, तर न जळालेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. आतली जाळी अक्षरशः वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस लेपावर बसतो आणि धातू झाकून टाकतो. सेन्सरच्या जवळ एक्झॉस्ट गळत असेल तरी कोड येतो. ही कारणं तशीच ठेवून पन्नास हजारांचा कन्व्हर्टर बसवला तर तोही सहा महिन्यांत त्याच वाटेने जाणार. त्यामुळे मिस्त्रीला पहिला प्रश्न 'कितीला पडेल' हा विचारू नका. 'जुना का गेला' हे विचारा. त्याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर दुसरं गॅरेज शोधा, भले त्यासाठी नांदेड किंवा संभाजीनगर गाठावं लागलं तरी.

आता पॉवरचं बोलू

जाळीला प्रत्येक चौरस इंचात किती भोकं आहेत यावरून तिची घनता मोजतात. कंपनीच्या गाडीत साधारण ४०० ते ६०० असतात, काहींत त्याहून जास्त. 'हाय-फ्लो' म्हणून मिळतो तो बहुतेकदा २०० चा, कधी १०० चा. भोकं मोठी, धूर मोकळा जातो, टर्बो थोडा लवकर जागा होतो. इथपर्यंत खरं आहे. पण भोकं मोठी झाली की धुराला लेपाचा स्पर्श कमी होतो, म्हणजे सफाई कमी. ती भरून काढायची तर जास्त धातू आणि लांब जाळी लागते, आणि गाडी पुन्हा त्याच हिशेबावर येते. चांगला हाय-फ्लो कन्व्हर्टर स्वस्त नसतो, स्वस्त असतो तो नुसता पाइप.

शिवाय इंजिनचं मॅपिंग कंपनीचंच असेल तर नुसता कन्व्हर्टर बदलून सीटवर जाणवेल एवढा फरक पडणं अवघड. जाणवतो तो आवाज. आवाजासाठीच करायचं असेल तर किमान हे स्वतःशी कबूल करावं, उगाच घोड्यांची ताकद सांगू नये. माझं मत विचाराल तर रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ४०० च्या खाली जायची गरज नाही.

डिझेलवाल्यांसाठी एक ओळ वेगळी. स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांच्याखाली जे असतं ते वेगळं यंत्र आहे, त्यात काजळी अडवणारा फिल्टरही असतो. पेट्रोलचा तीन कामं करणारा कन्व्हर्टर डिझेलला चालत नाही. 'फिल्टर काढून देतो, अ‍ॅव्हरेज वाढेल' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

कायदा काय म्हणतो?

पेट्रोल कारला कन्व्हर्टर आपल्याकडे १९९५ पासून आला, आधी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत. शिसं असलेलं पेट्रोल कन्व्हर्टरला विषासारखं, म्हणून त्यासोबत शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं, आणि २००० मध्ये ते देशभर झालं.

आज मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कलम १९०(२) प्रमाणे प्रदूषणाची मर्यादा मोडणारी गाडी चालवली तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स बाद. बुलेटच्या पुंगळ्यांवर पोलिसांनी रोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. कारचा रिकामा कन्व्हर्टर बाहेरून दिसत नाही, म्हणून त्यावर रोलर फिरत नाही, एवढाच फरक.

मूळ कन्व्हर्टर खराब झाला म्हणून त्याच दर्जाचा दुसरा बसवणं आणि 'रेस ओन्ली' लिहिलेला पाइप बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉक्सवर 'ऑफ रोड' किंवा 'ट्रॅक यूज' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर विकणाऱ्याने आपली जबाबदारी झटकलेली आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. युरोपात बदली कन्व्हर्टरला आर-१०३ नियमाखाली मान्यता घ्यावी लागते आणि त्यावर गोलातलं 'ई' चिन्ह असतं. कॅलिफोर्नियात प्रत्येक मॉडेलला सरकारी आदेशाचा क्रमांक मिळतो. ही चिन्हं आपल्या आरटीओत परवाना म्हणून चालतील असं समजू नका, पण निदान कुणीतरी तो पार्ट तपासलाय एवढं त्यावरून कळतं. चिन्ह कुठल्या गाडीसाठी आणि कुठल्या इंजिनासाठी आहे तेही बघा. 'सगळ्या गाड्यांना बसतो' असं लिहिलेला कन्व्हर्टर कुठल्याच गाडीसाठी तपासलेला नसतो.

पीयूसी मिळाली म्हणजे सुटलो, असं वाटत असेल तर थांबा. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणजे ऱ्होडियमचं काम तिथे तपासलंच जात नाही, आणि स्वस्त कन्व्हर्टर बनवणारा काटकसर करायला पहिली जागा तीच शोधतो. २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी 'नो पीयूसी, नो फ्युएल'ची घोषणा केली, त्यामुळे कागदाचं महत्त्व वाढलंय. तपासणीतली ही फट मात्र तशीच आहे.

परभणीतल्या दोन खास अडचणी

पहिली थंडीची. दर डिसेंबरात 'परभणी गारठली' ही बातमी येते, कृषी विद्यापीठाचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश तापला की मगच काम सुरू करतो. तोपर्यंत धूर जवळपास तसाच बाहेर पडतो. कंपनी म्हणूनच त्याला इंजिनच्या अगदी जवळ बसवते. बाहेरचा मोठा डबा सोयीसाठी मागे सरकवून बसवला की तो उशिरा तापतो. वसमत रोडवरून स्टेशनपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत तर तो पुरता तापायच्या आतच गाडी बंद होते.

दुसरी अडचण जास्त गंभीर. चालू गाडीचा कन्व्हर्टर काहीशे अंश गरम असतो. कंपनीच्या डब्याभोवती पत्र्याचं आवरण असतं, तो उष्णतारोधक पत्रा. बाजारातल्या अनेक कन्व्हर्टरसोबत तो येतच नाही, किंवा बसवताना 'खडखड करतो' म्हणून काढून टाकतात. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन निघालं की कुठे रस्त्यावर पसरलेलं असतं, शेताच्या कडेला भुसा असतो, उन्हाळ्यात धुऱ्यावर वाळलेलं गवत. त्यावर तापलेली गाडी उभी केली तर आग लागायला काडी लागत नाही. त्यामुळे पार्ट घेताना आवरण सोबत आहे का हे विचाराच.

शेवटचा मुद्दा जुन्या कन्व्हर्टरचा. गॅरेजवाला 'फिटिंग फुकट करून देतो, जुना इथेच राहू द्या' म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. बंद पडलेल्या कन्व्हर्टरमध्येही धातू बऱ्यापैकी शिल्लक असतो आणि त्याला बाजार आहे, हे ईकोच्या चोरांना कळलं तसं गॅरेजलाही माहीत असतं. जुना डबा परत घ्या, नाहीतर त्याची किंमत बिलातून वजा करायला लावा. 'सायलेन्सर साफ करतो' म्हणून कुणी डबा खोलून नेत असेल तर समोर उभे राहा, कारण आतली जाळी काढून कवच परत बसवलं तर बाहेरून काहीच कळत नाही. आणि नव्याच्या पक्क्या बिलावर कंपनीचं नाव, पार्ट नंबर, गाडीचं मॉडेल आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. पिवळा दिवा पुन्हा लागला तर विकणाऱ्याशी बोलायला तेवढाच कागद तुमच्या हातात असतो.