पाखरांचा हजेरीपट



"वहिनी, तिकडे रोज सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडता म्हणे. पण ही पाखरं मोजून शेवटी साधतं काय?" असं आमच्या धाकट्या दिरांनी परवा फोनवर विचारलं. भाऊजींचा स्वभावच थट्टेखोर, पण प्रश्न रास्त आहे. तो आणखीही काही जणांच्या मनात असणार, म्हणून उत्तर इथेच लिहिते.

गेली काही वर्षं मी मार्चच्या मध्याला लेकीकडे येते. इंग्लंडात केंब्रिजशायर नावाचा परगणा आहे, तिथल्या सेंट निओट्स गावाजवळ तिचं घर आहे. इथे ऊझ नदीच्या काठाने वाळू आणि खडीच्या जुन्या खाणी आहेत. रस्त्यांसाठी, घरांसाठी खडी काढली, खड्डे राहिले, त्यात पाणी भरलं आणि त्याची तळी झाली. काठाने वाळुंज वाढला, काटेरी झुडपं माजली आणि पाखरं आली. त्यातली पॅक्स्टन पिट्स ही जागा प्रसिद्ध आहे. लेकीच्या घरामागे मात्र एक लहानसं रान आणि त्यापलीकडे एक बिननावाचं तळं आहे. माझी फेरी रोज तिथेच. तोच रस्ता, तीच वेळ, तीच वही.

माझं मत सरळ सांगते. पक्षी पाहणाऱ्याने दुर्मीळ पक्ष्याच्या मागे शंभर मैल धावण्यापेक्षा घराजवळच्या एका जागेची वर्षानुवर्षं हजेरी घ्यावी. त्याचा उपयोग जास्त आहे.

हजेरी हा शब्द मी विचार करून वापरते आहे. इथल्या वसंतात पाखरं वर्ग भरावा तशी एकेक करून येतात. आधी मार्चमध्ये चिफचॅफ. बोटभर लांबीचा, मातकट हिरवा पक्षी, पण झाडाच्या शेंड्यावर बसून दिवसभर स्वतःचंच नाव घोकतो. आपल्याकडे पावशा "पेरते व्हा" म्हणतो ना, तशातलाच प्रकार. मग ब्लॅककॅप आणि पाकोळ्या. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात विलो वॉर्बलर. मग कुकू आणि नाइटिंगेल. शेवटच्या बाकावरचा उशिरा येणारा मुलगा म्हणजे स्विफ्ट, तो मे महिना उजाडल्यावर येतो आणि ऑगस्टमध्ये पळतोही.

ही हजेरी बरीचशी कानांनी घ्यावी लागते. चिफचॅफ आणि विलो वॉर्बलर दिसायला इतके सारखे की भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. आवाज मात्र अगदी वेगळे. अठराव्या शतकात सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने हे दोघे आणि त्यांचा तिसरा भाऊबंद वुड वॉर्बलर, असे तीन वेगळे पक्षी आवाजावरून ओळखले. १७८९ साली त्याचं पुस्तक निघालं. तो काही जगभर हिंडला नव्हता. एका गावात राहून तेच रान वर्षानुवर्षं पाहत होता. शिक्षकाला यात नवल वाटणार नाही. पटावरून मान वर न करता, नुसत्या "हजर बाई" या आवाजावरून आपण पोर ओळखतोच की!

आता मुद्द्याची गोष्ट. हजेरीपटाचा खरा उपयोग हजर असणाऱ्यांसाठी नसतो, तो गैरहजर असणाऱ्यांसाठी असतो. मी बीड जिल्ह्यात नोकरी केली. दिवाळी झाली की वर्गातली दहा-बारा नावं एकदम गैरहजर व्हायची. आईबाप ऊसतोडीला जायचे, पोरं त्यांच्याबरोबर. साखर कारखान्याचा हंगाम संपला की ती परत यायची. सगळी नाही. कोण आलं नाही हे पटामुळे कळायचं, मग घरी जाऊन चौकशी करता यायची. पट नसता तर ते पोर कधी वर्गात होतं हेही कोणाच्या लक्षात राहिलं नसतं. जो पाहुणा शाळेला एकदाच भेट देऊन जातो, त्याला वर्ग भरलेलाच दिसतो.

दुर्मीळ पक्ष्यामागे धावणाऱ्यांचं तसंच होतं. ते काय आलं ते पाहतात. काय आलं नाही, हे त्यांना दिसत नाही. आणि इंग्लंडच्या वसंतात आज हेच पाहण्यासारखं आहे. कुकू २००९ पासून इथल्या धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. नाइटिंगेल २०१५ मध्ये त्या यादीत गेला, स्विफ्ट २०२१ मध्ये. त्या २०२१च्या यादीत एकूण ७० जाती आहेत. गेल्या पन्नासेक वर्षांत नाइटिंगेलची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. (फारसीत बुलबुल म्हणतात तो हाच. आपल्या अंगणातला बुलबुल वेगळा, बरं का.) पॅक्स्टन पिट्सच्या झुडपांत त्याचं गाणं ऐकायला लोक लांबून येतात. ते एक गाणं ऐकून तृप्त होऊन परत जातात. पूर्वी वाटेवर किती जण गात होते, हे इथल्या जुन्या माणसांनाच माहीत असतं.

माझ्या वहीतही कुकूच्या नावापुढच्या खुणा विरळ झाल्या आहेत. पण एका म्हातारीच्या वहीवरून देशाचा निष्कर्ष काढता येत नाही, हेही खरं. म्हणून इथे १९९४ पासून एक पाहणी चालते. नकाशावर एक किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडतात, त्यातले काही यदृच्छेने निवडतात आणि एकेका माणसाला एकेक नेमून देतात. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, असं दोनदा त्याने पहाटे जायचं, ठरलेल्या वाटेने चालायचं आणि दिसलेला, ऐकलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चौकोन सुंदरच असेल असं नाही. नुसतं गव्हाचं शेत निघेल नाहीतर घरांची रांग. पण नुसत्या हुशार मुलांची हजेरी घेऊन शाळा कळत नाही, हे मास्तर मंडळींना सांगायला नको. हे काम करणारे बहुतेक हौशी लोक आहेत. पगार नाही, मानधन नाही.

"मोजून पाखरं वाढतात का?" असं भाऊजी पुढे विचारतीलच. नुसतं मोजून नाही वाढत. हजेरी घेतल्याने मूल शिकत नाही, शिकवावं लागतं. पण कोणाला शिकवायचं आहे हे आधी कळावं लागतं. बिटर्नचंच पाहा. हा बगळ्याच्या कुळातला, बोरूच्या दाट बेटात लपून राहणारा पक्षी. दिसतो क्वचित, पण वसंतात नराचा घुमणारा आवाज फार लांबवर जातो. प्रत्येक नराचा आवाज थोडा वेगळा असतो, त्यावरून ते मोजता येतात. १९९७ साली सगळ्या ब्रिटनमध्ये घुमणारे नर भरले अवघे ११. आकडा हाती आला तेव्हा लोक हलले. बोरूची बेटं का सुकतात याचा अभ्यास झाला, पाणी पुन्हा खेळवलं. सफोकमध्ये लेकनहीथ इथे तर १९९५ मध्ये गाजराची शेतं विकत घेऊन तिथे पाणथळ जागा तयार केली. आज घुमणारे नर दोनशेच्या वर आहेत. घोटाभर चिखल आणि पाणी असलेल्या जमिनीला पडीक म्हणणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात ठेवावा. आधी पाणी काढून शेत करायचं आणि मग शेत मोडून पाणी आणायचं, यात पैसा दोनदा जातो.

प्रत्येक वेळी असा गोड शेवट होत नाही. कुकूंच्या पाठीवर २०११ पासून उपग्रहाशी बोलणारी लहान यंत्रं बसवत आहेत. त्यावरून कळलं, की ते हिवाळा काँगोच्या जंगलात काढतात, आणि स्पेनमार्गे जाणारे वाटेत जास्त मरतात. नाइटिंगेलला जमिनीलगत दाट झुडूप लागतं, ते हरणं खाऊन टाकतात. उत्तरं अजून अपुरी आहेत. पण पटावर गैरहजेरी दिसली नसती तर हे प्रश्नही कोणी विचारले नसते.

एक विनंती. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज ऐकून त्याचं नाव ओळखा, हरकत नाही. पण झुडपाजवळ रेकॉर्ड वाजवून नाइटिंगेलला बाहेर काढू नका. दुसरा नर आला असं वाटून तो घरटं सोडून भांडायला येतो. फोटो चांगला येतो, पण त्याची सकाळ वाया जाते.

तुमच्यातले बरेच जण साताऱ्याला, पुण्याला, नाशकाला आहात. आपल्याकडेही २०२० आणि २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे अहवाल निघाले, ते हजारो हौशी लोकांच्या नोंदींवर उभे आहेत. तेव्हा भाऊजी, तुमच्या सोसायटीमागचा ओढा किंवा कॉलनीतलं वडाचं झाड निवडा. आठवड्यातून एकदा अर्धा तास. तारीख, वेळ, कोण हजर. चिमण्या आणि कावळेही लिहायचे, त्यांना वगळायचं नाही.

माझे गुडघे आता कुरकुरतात. या तळ्याची फेरी मला आणखी किती वसंत जमेल, सांगता येत नाही. त्यामुळे नातीला वही कशी लिहायची ते दाखवून ठेवलं आहे. तिला अजून चिफचॅफ आणि कुकू एवढेच आवाज ओळखू येतात, पण गैरहजर कोण हे ती आता मला न विचारता लिहिते. वर्ग दुसऱ्याच्या हाती देताना आम्ही पट आधी द्यायचो, खडू-फळा नंतर.

तुमच्याकडे या आठवड्यात कोण हजर आहे, जरूर कळवा.